तपासणीच्या दिवशी दोघी

तपासणीला जायचं तर तीन दिवस आधी कळवायचं, असा नियम होता. नियम कुणा भल्या माणसानेच केला असणार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात परक्या बाईने अवचित शिरणं बरं दिसत नाही. घरच्यांना पसारा आवरायला, पेशंटचे केस विंचरायला सवड हवी. म्हणून सोमवारी फोन व्हायचा आणि गुरुवारी चाळीसबाई दारात उभ्या राहायच्या.

चाळीसबाई हे नाव मदतनीस बायकांनी ठेवलेलं. घरोघरी जाऊन आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या एजन्सी शहरात पुष्कळ होत्या. त्या नीट काम करतात की नाही हे बघायला बाई जायच्या आणि त्यांच्या फॉर्मवर चाळीस मुद्दे असायचे. प्यायचं पाणी हाताशी आहे का. औषधांच्या डबीत वारांप्रमाणे गोळ्या आहेत का. न्हाणीघरात धरायला दांडा आहे का. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलल्याची नोंद आहे का. बाईंना आपलं हे टोपणनाव ठाऊक होतं. एकदा एक आगाऊ मदतनीस तोंडावरच म्हणाली होती, "मॅडम, एका नावात फॉर्म आला, वय आलं आणि चष्माही आला." बाई हसल्या होत्या. तेव्हा त्या हसायच्या.

बाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, खोल्या राहत. कुठल्या खोलीत पलंग खिडकीला टेकवलाय, कुठे पंख्याचं एक पातं वाकलंय, कुठे फिनेलचा वास जरा जास्तच येतोय, हे त्या वर्षांनंतरही सांगू शकत. आणि सगळ्यांत स्वच्छ आठवायची ती टेलिफोनवाल्या आजींची खोली. ती विसरायचा प्रयत्न करता करता दोन वर्षं झाली होती.

आजी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. कमरेपासून खालचं अंग गेलं होतं, पण आवाज तसाच होता, धुतलेल्या काचेसारखा. बाई आत शिरल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "नमस्कार, बोला." जणू बाईंनीच त्यांना फोन लावला होता.

त्या दिवशी पलंगाजवळ दोन मदतनीस होत्या. दोघींनी मिळून आजींना अलगद कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली, चादर ताणून बसवली. बाईंनी फॉर्मवर खूण केली. मग दोघींपैकी एकीला टॉवेल हवा होता. तिने भिंतीतलं कपाट उघडलं, त्यात पेले निघाले. दुसरं उघडलं, त्यात औषधं. तिसऱ्यांदा ती नुसतीच खोलीभर बघत उभी राहिली, तेव्हा दुसरीने पलंगाखालच्या पेटीतून टॉवेल काढून दिला.

"नवीन का हो तुम्ही?" बाईंनी विचारलं होतं.

"नाही मॅडम. तुम्हाला बघून गोंधळले."

आपल्याला बघून माणसं गोंधळतात, हे तेव्हा बाईंना थोडं आवडायचंही. त्यांनी पुढचा मुद्दा घेतला. सेवा घेणारी व्यक्ती समाधानी आहे का? त्यांनी आजींना विचारलं. आजींनी एक्सचेंजवर नंबर सांगावा तसा एकेक शब्द सुटा करून सांगितला, "आज दोघी आल्यात ना. आज बरं वाटतंय."

बाईंनी लिहिलं, "समाधानी."

एकोणीस दिवसांनी आजी गेल्या. कमरेच्या हाडावर तळहाताएवढी जखम झाली होती आणि तिचं विष अंगभर पसरलं होतं. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहिलेल्या माणसाला अशा जखमा होतात. आजी चांगल्या वजनदार होत्या. एकटीने त्यांना वळवणं म्हणजे ओलं पोतं ढकलण्यासारखं. पण एजन्सीच्या तक्त्यात दर दोन तासांची खूण होती आणि बाईंच्या फॉर्मवर चाळीसपैकी चाळीस. फाइल बंद झाली. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

आजींचा मुलगा चष्म्यांच्या दुकानात काचा घासायचं काम करी. कसल्याशा कागदावर शिक्का घ्यायला तो कार्यालयात आला होता. निघताना बाईंच्या टेबलापाशी थांबला आणि हात जोडून म्हणाला, "तुम्ही तरी स्वतः येऊन बघून गेलात. तिने सांगितलं होतं मला. खूप आभार."

तो रागावला असता तर बाईंनी सोसलं असतं. हे आभार मात्र अंगात रुतलेल्या काचेसारखे राहिले, वरून काही दिसत नाही आणि दाबलं की कळ येते.

फोन उचलल्यावर पलीकडचा माणूस बोलायच्या आधी एक बारीकशी पोकळी असते. ती आपल्या लक्षातही येत नाही. बाईंना तीच ऐकू यायला लागली. त्या पोकळीत कुणीतरी श्वास घेऊन "बोला" म्हणण्याच्या बेतात असे. मग पलीकडून दूधवाला नाहीतर नणंद बोलायला लागे आणि बाईंच्या हाताला घाम आलेला असे. घरात फोन वाजला की त्या लेकीला हाक मारत, "घे गं जरा, माझे हात ओले आहेत." हात कोरडेच असत. पेशंटच्या खोल्यांत तर आणखी विचित्र. कुठल्याही पलंगावरचं माणूस कुशीवर वळवलं की त्यांना वाटे, आता या पाठीमागून तो चेहरा दिसणार. दर वेळी दुसराच चेहरा दिसायचा. त्यामुळे भीती कमी झाली नाही. ती पुढच्या घरी जाऊन थांबायची, एवढंच.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बोलका गडी. कधीमधी म्हणे, "काय हो तपासनीसबाई, आपल्या घराला चाळीसपैकी किती?"

"आई, आधी भांडी घासा, मग सांगते, असं म्हण बाबांना," लेक म्हणायची.

बाई म्हणायच्या, "पस्तीस."

"आणि पाच कुठे गेले?"

बाई चष्मा पुसायला घेत. नवरा ब्रश धुता धुता त्यांच्याकडे बघे आणि बघून न बघितल्यासारखं करी.

तर असा एक गुरुवार होता. घर गवंड्याचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या केलेला धिप्पाड माणूस, पक्षाघाताने उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. उरला होता एकच शब्द, "हं", आणि तो मात्र शंभर तऱ्हांनी म्हणता येत होता. बायको चिमणीएवढी. एजन्सी तीच, आजींकडची. सुपरवायझर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून चहा घेत होता, आणि पलंगाजवळ एक ठेंगणी आणि एक उंच अशा दोन मदतनीस, तोंडाला मास्क लावून तयार.

"हं," गवंडी म्हणाला.

"नमस्कार म्हणताहेत," बायकोने सांगितलं.

दोघींनी त्याला वळवलं. सुरेख वळवलं. बाईंनी पाठ बघितली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता, बोटाने दाबला तरी न जाणारा. कातडी अजून फाटलेली नव्हती. बाई काही बोलणार तेवढ्यात उंच मदतनीस न्हाणीघरातून बादली आणायला वळली आणि तिने दार उघडलं ते स्वयंपाकघराचं.

"इकडे गं," ठेंगणी हळूच म्हणाली.

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वीची तीन कपाटं त्यांच्या डोळ्यांसमोर एकामागोमाग उघडली. पेले. औषधं. आणि मग ते खोलीभर बघत उभं राहणं. टॉवेल शोधणारी ती बाई गोंधळली नव्हती तर. ती त्या घरात आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

"तुम्ही इथे कधीपासून येता?" बाईंनी उंच मदतनिशीला विचारलं.

"झाले की सहा महिने."

"मग धुतलेल्या चादरी कुठे ठेवतात?"

उंच मदतनीस ठेंगणीकडे बघायला लागली. ठेंगणी जमिनीकडे. बोलली ती गवंड्याची बायको, आणि फार घाईने बोलली. "मीच कालच सगळं इकडचं तिकडे केलं हो. त्या बिचारीला काय माहीत."

"हं!" गवंडी म्हणाला. हा "हं" वेगळा होता. बायकोने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि त्याच हाताने त्याचं तोंड हलकंसं झाकलं.

बाहेर सुपरवायझर उठून उभा राहिला. "झालं मॅडम? सगळं ठीक ना? आम्ही भारी पेशंटला नेहमी दोघीच देतो, कागदावर आहेच तसं." मग आवाजात साखर घालून तो म्हणाला, "त्या टेलिफोनवाल्या आजींकडे पण दोघीच होत्या. तुम्हीच लिहिलंय. तुमची सही आहे."

जिन्यात गवंड्याची बायको मागोमाग आली. पायात चप्पलही नव्हती.

"बाई, लिहू नका."

"काय लिहू नको?"

"तुम्हाला कळलंय. मला दिसलं तुम्हाला कळलेलं. अहो, एक तरी येते! तुम्ही लिहिलंत तर तीही बंद होईल. मग मी काय करू? माझी हाडं बघा आणि त्यांचा देह बघा."

लिहिलं तर या बाईच्या दारातून एकुलता एक आधार जाणार. नाही लिहिलं तर तो लाल डाग फाटून वाढणार, आणि किती दिवसांत वाढतो हे त्यांना पाठ होतं. "बघते," एवढंच म्हणून त्या खाली उतरल्या. आपल्या तोंडून निघालेला तो शब्द त्यांना स्वतःलाच उष्ट्यासारखा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. न कळवता गेल्या.

दार उघडंच होतं. बायको पाणी भरायला खाली गेली होती. आत ठेंगणी एकटी. तिने एक जुनी चादर गवंड्याच्या अंगाखालून घालून तिचं एक टोक खिडकीच्या गजाला गाठ मारून बांधलं होतं, आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. पाय भिंतीला रेटून ती मागे झुकत होती. गाडा ओढावा तसा. गवंडी अर्धवट वळला होता आणि खांदा गादीत अडकला होता. तो डोळे मिटून "हं, हं" करत होता.

तपासणाऱ्याने पेशंटला हात लावायचा नाही, असाही नियम होता. बाईंनी पर्स जमिनीवर टाकली आणि खांदा धरला.

"आता," ठेंगणी म्हणाली, कोण आलंय हे न बघताच. बघायला मान वळवणं तिला परवडणारं नव्हतं. एका दमात माणूस कुशीवर आला. पाठीमागून दिसला तो गवंड्याचाच चेहरा, घामेजलेला.

मग ठेंगणीने मास्क खाली ओढला, धापा टाकत भिंतीला टेकली आणि म्हणाली, "दोघी असल्या की दोन मिनिटांचं काम. एकटीला वीस मिनिटं लागतात, आणि तरी अर्धवटच. मग दिवसातून तीनदाच कूस बदलायची, आणि तक्त्यात बारा खुणा."

"ती उंच?"

"तुम्ही गेल्यावर पाच मिनिटांत गेली. सुपरवायझरच्या स्कूटरवर. तुमच्या फोनची तर वाट बघतात हो ते. तीन दिवस म्हणजे पुष्कळ झाले." तिने घाम पुसला. "तुम्ही मला ओळखलं नाहीत ना? मी ओळखलं. आजींकडे पण मीच होते."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही, हेही कुठेतरी लिहिलेलं होतं.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी बोलणार होते," ठेंगणी म्हणाली. "पण सुपरवायझर दारात. आणि आजी बोलल्याच की. मला वाटलं, झालं, आजींनी सांगून टाकलं, आता बाईंना कळलं. मग तुम्ही पान उलटलंत." तिने कमरेची गाठ सोडली. "मला अजून त्यांची हाक येते. दुसऱ्या घरी काम करताना. तुम्हाला हसू येईल."

बाईंना हसू आलं नाही. दोन वर्षं त्यांना वाटत होतं की हे फक्त आपल्याच मागे लागलंय. आणि ही बाई रोज सकाळी तेच ओझं कमरेला बांधून माणसं वळवत होती.

अहवाल त्यांनी त्याच दिवशी लिहिला. शेवटच्या चौकटीत, "इतर निरीक्षणे" या मथळ्याखाली, आधी गवंड्याचं. तपासणीच्या दिवशी दोन मदतनीस, एरवी एक. माकडहाडावर लाल डाग. मग खाली जुन्या फाइलचा क्रमांक घालून लिहिलं : हाच प्रकार दोन वर्षांपूर्वी मी पाहिला होता. दुसऱ्या मदतनिशीला टॉवेल सापडला नव्हता. पेशंटने मला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही.

मोठ्या साहेबांनी वाचलं आणि चष्मा कपाळावर ढकलला. "वरचं ठेवा. खालचं कशाला? आणि न कळवता गेलात तेही लिहिलंत! अहो बाई, आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा?"

"वरचं एकटं टिकत नाही, साहेब. ते म्हणतील, एक दिवस दुसरी मुलगी आजारी होती. खालचं असलं की ही त्यांची रीत आहे असं ठरतं."

"तुमची फिरती जाईल."

"हो."

"ती म्हातारी तर परत येणार नाही."

बाई म्हणाल्या, "ती गेलीच कुठे आहे, साहेब."

साहेबांनी वर बघितलं. मग काही न विचारता शिक्का मारला.

चौकशीचं पत्र आजींच्या घरी टपालाने जायच्या आत बाई चष्म्यांच्या दुकानात गेल्या. फोनवर सांगता आलं असतं, पण ते त्यांच्याने होणार नव्हतं. आजींचा मुलगा मागच्या बाजूला यंत्रावर काच धरून बसला होता. ओळखून तो हसला, उठायला लागला. "बसा, बसा. नंबर वाढला का?"

बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. मधे कुठेही "मला वाटलं" किंवा "तेव्हा कामाचा ताण होता" असं घातलं नाही; तसं त्यांनी येताना वाटेत ठरवलं होतं. यंत्र चालूच राहिलं. काच त्याच्या बोटांत होती आणि प्रमाणाबाहेर घासली जात होती.

"म्हणजे तिने तुम्हाला सांगितलं," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मला नाही सांगितलं. मी रोज संध्याकाळी जायचो. मला म्हणायची, मजेत आहे." त्याने यंत्र बंद केलं. "मला नाही, तुम्हाला सांगितलं."

बाई थांबल्या. तो ओरडेल, निदान हात उगारेल, असं त्यांना वाटलं. त्याने खराब झालेली काच उजेडात धरून बघितली, डब्यात टाकली आणि दुसरी घेतली. पुन्हा यंत्र सुरू झालं. पाच मिनिटं उभं राहिल्यावर बाईंना कळलं की हेच उत्तर आहे. त्या बाहेर पडल्या.

एजन्सीची चौकशी लागली. बाईंची फिरती गेली आणि त्यांना कागद लावायच्या खोलीत बसवलं. आणि गवंड्याच्या बायकोने जिन्यात सांगितलं होतं तसंच झालं. एजन्सीने चौथ्या दिवशी ठेंगणीला काढून घेतलं. दुसऱ्या एजन्सीची माणसं यायला दोन आठवडे लागतील, असं कार्यालयातून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सातलाच घरातून निघाल्या. नवरा दाराशी पाटी सुकवत होता. "फिरती बंद झाली ना? मग कुठे?"

"कूस बदलायला," बाई म्हणाल्या, आणि चपला घालता घालता, दोन वर्षांत पहिल्यांदा, त्याला आजींबद्दल सांगायला लागल्या. पहिलं वाक्य सांगून झालं, दुसरं अर्धं राहिलं. "आल्यावर सांगते," त्या म्हणाल्या. नवऱ्याने मान हलवली. विनोद केला नाही.

गवंड्याच्या बायकोने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. डोळे न झोपलेले, हातात तीच जुनी चादर.

"झालं समाधान?"

बाईंनी चपला काढून उंबऱ्याबाहेर ठेवल्या. आतून "हं" ऐकू आलं, लांबलचक, कंटाळलेलं.

"आले हो!" बायको आत बघून ओरडली. मग बाईंकडे न बघता म्हणाली, "तुम्ही खांद्याला धरा. मी कमरेला. आणि मी म्हटल्याशिवाय ओढायचं नाही, ते दचकतात."

त्यांनी त्याला धरलं. देह जड होता, गरम होता, आणि मान वळली तशी त्याची दाढी बाईंच्या मनगटाला खरखरून गेली. बायकोने तीन म्हटलं. गवंडी भिंतीकडे तोंड करून कुशीवर झाला आणि गिलाव्याकडे टक लावून बघायला लागला.

"हं," तो नाराजीने म्हणाला.

"काय म्हणताहेत?" बाईंनी विचारलं.

"गिलावा वाईट केलाय म्हणताहेत. रोज म्हणतात." तिने पाठीचा डाग बघितला, बोट टेकवलं, उचललं, पुन्हा बघितलं. "नऊला परत यायला लागेल. जमेल?"

"जमेल," बाई म्हणाल्या.